नभोवाणी, बोलपटांची गाणी आणि श्रोत्यांचा आग्रह

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या नभोवाणीने लोकांना जे आवडते ते ऐकवावे, की लोकांना जे आवडावयास हवे ते ऐकवावे, हा वाद नभोवाणीइतकाच जुना आहे. नभोवाणी सरकारची असेल तर त्याला आणखी एक धार येते. कारण श्रोता परवान्याचे पैसे भरतो, आणि कार्यक्रमाचा निर्णय मात्र त्याच्या वतीने दुसराच कोणी घेतो. हिंदुस्थानात हा वाद १९५२ ते १९५७ या पाच वर्षांत निकराला आला. त्यात एका बाजूस मंत्री होते, दुसऱ्या बाजूस बोलपटांचे निर्माते होते. तथापि निकाल लावला तो या दोघांनीही नव्हे. तो लावला घराघरांतून यंत्राची कळ फिरविणाऱ्या श्रोत्यांनी.

हा श्रोतृवर्ग कोठला व कसा होता हे पाहावयाचे असेल तर ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या आगगाडीच्या वाटेवरील गावांकडे पाहावे. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास व पुढल्याच वर्षी कल्याणास लोहमार्ग पोहोचला, आणि शतकभराच्या आत ही गावे मुंबईच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या कारकून-शिक्षकांची वस्तिस्थाने होऊ लागली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुने, १८६४ चे. कल्याणात १९२६ साली गायन समाज स्थापन झाला. म्हणजे शास्त्रीय संगीताची आवड येथे सरकारने रुजवावयास हवी होती असे नव्हे, ती होतीच. त्याच सुमारास, फाळणीनंतर, कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांची मोठी वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. मराठी ऐकणारे आणि मराठी न समजणारे असे दोन समाज शेजारी आले, आणि हिंदी बोलपटांचे गाणे हे दोघांनाही कळणारे एक माध्यम ठरले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुंबई केंद्राच्या मध्यम लहरी या गावांत स्वच्छ ऐकू येत. दूरच्या खेड्यातील मनुष्य परके केंद्र लावी, तेव्हा आपले केंद्र नीट लागत नाही अशी सबब तरी त्यास सांगता येई. ठाण्या-डोंबिवलीच्या श्रोत्यास ती सबब नव्हती. त्याने हाताशी असलेले केंद्र सोडून, खरखर सोशीत, लघुलहरींवर कोलंबो शोधले ते केवळ आपखुशीने.

श्रोत्यांच्या आग्रहापुढे सरकारने माघार घेण्याची ही पहिली वेळ नव्हती. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीने सुरू केले. परवान्याची वार्षिक फी दहा रुपये होती व तिच्यातील ऐंशी टक्के रक्कम कंपनीस मिळे. एवढ्यावर निभाव लागेना, आणि १९३० साली कंपनी बुडाली. सरकारने केंद्रे आपल्याकडे घेतली खरी, परंतु काटकसरीचे कारण दाखवून १९३१ च्या ऑक्टोबरात ती बंद करण्याचे ठरविले. तेव्हा निषेधाचा असा काही गलका उठला की, नोव्हेंबरात तोच निर्णय मागे घ्यावा लागला. केंद्रे चालू राहिली. मात्र यंत्रांवरील आयात जकात वाढवून सरकारने त्याची किंमत वसूल केली.

अभिरुची वरून घडविण्याची हौसही स्वराज्याबरोबर आली असे समजू नये. लायोनेल फील्डन हे नभोवाणीचे नियंत्रक असताना, १९४० साली, हार्मोनियमला आकाशवाणीच्या दारातून बाहेर काढण्यात आले होते. तिचे स्वर आपल्या संगीतातील श्रुतींना जुळत नाहीत, हा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खोटा नव्हे. पण ज्या महाराष्ट्रात संगीत नाटकाची अर्धी सृष्टी पेटीच्या सुरावर उभी राहिली, तेथे हा न्याय लोकांना पटणे कठीणच होते. ही बंदी तीस वर्षांहून अधिक काळ टिकली.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. गृहस्थ मराठी, पॅरिसला शिकलेले, शास्त्रीय संगीताचे जाणते. संस्थाने विलीन झाली, गायक-वादकांचे आश्रयदाते गेले. आता तो आश्रय राज्यसंस्थेने दिला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. ती थोर होती हे मान्य करावयास हवे. परंतु त्यांनी आश्रय आणि निर्बंध या दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या. शास्त्रीय संगीतास जागा देण्यासाठी बोलपटांच्या गाण्यांची जागा हिरावून घेतली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. पाश्चात्य वाद्यांच्या गजरात आणि उथळ शब्दांत ही गाणी बुडाली आहेत, असे त्यांचे मत होते.

त्याप्रमाणे बोलपटांच्या गाण्यांस कार्यक्रमांच्या वेळेचा सुमारे एक दशांश भाग ठरवून देण्यात आला. उरलेली गाणीही आधी तपासून घेतली जाऊ लागली. यावर कडी म्हणजे, गाणे लावताना गायकाचे नाव सांगावे, पण बोलपटाचे नाव सांगू नये, कारण ती फुकटची जाहिरात होय, असा नियम झाला. निर्मात्यांना हे झोंबले. बोलपटाचे नाव नाही तर गाणेही नाही, अशा हिशेबाने त्यांच्या संघाने आकाशवाणीस दिलेले प्रक्षेपणाचे हक्क काढून घेतले. थोड्याच महिन्यांत जे गाणे लग्नाच्या मांडवात, इराण्याच्या हॉटेलात आणि गल्लीच्या गणेशोत्सवात वाजत होते, ते देशाच्या नभोवाणीवर मात्र जवळजवळ ऐकू येईनासे झाले.

ही पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. महायुद्धाच्या काळात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी सिंहलद्वीपात एक बलाढ्य क्षेपणयंत्र उभारण्यात आले होते. युद्ध संपल्यावर ते तेथील सरकारच्या हाती आले, आणि १९५० पासून त्यावर जाहिरातींचा व्यापारी विभाग चालू झाला. ३ डिसेंबर १९५२ रोजी त्या केंद्रावर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी हे मुंबईचे. कार्यक्रमाचे मुद्रणही मुंबईतच होई, फिती विमानाने कोलंबोस जात, आणि तेथून ध्वनी पुन्हा मुंबईकरांच्या घरात येई. मुंबईत गायिलेले, मुंबईत मुद्रित झालेले गाणे ठाण्याच्या माणसाने समुद्रापलीकडून ऐकावे, यासारखा विचित्र वळसा शोधूनही सापडावयाचा नाही! दर बुधवारी रात्री आठ वाजता हा कार्यक्रम लागे. पहिल्याच खेपेस नऊ हजार पत्रे आली आणि वर्ष-दीड वर्षात आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत मजल गेली, असे खुद्द सयानी सांगत. दहा घरांत पाहणी केली तेव्हा नऊ घरांत सिलोन लागलेले होते आणि दहाव्या घरचे यंत्र बिघडलेले होते, असा एक किस्सा त्या दिवसांत सांगितला जाई. त्यात थट्टेचा भाग असेल. पण सरकारी नभोवाणीची अशी थट्टा होऊ लागली, ह्यातच परिस्थितीचे वर्म आहे.

इंग्लंडात याहून निराळे घडले नव्हते. जॉन रीथ यांच्या बी.बी.सी.ने रविवार हा गंभीर कार्यक्रमांसाठी राखून ठेवला, तेव्हा तेथील श्रोता १९३३ पासून रेडिओ लक्झेंबर्गकडे वळला. निर्मात्यांच्या अडवणुकीचा दाखलाही तेथे आहे. दूरचित्रवाणीमुळे चित्रपटगृहे ओस पडू लागली, म्हणून तेथील चित्रपट व्यावसायिकांनी १९५८ साली एक संरक्षण संघटना काढली. तिकिटांमागे अल्पसा आकार बसवून निधी जमवावयाचा आणि त्यातून जुन्या ब्रिटिश बोलपटांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकत घेऊन ठेवावयाचे, ते दाखविण्यासाठी नव्हे तर कोणी दाखवू नये यासाठी, असा तो विलक्षण व्यवहार होता. चार-सहा वर्षांत तो मोडला, आणि मग ईलिंग स्टुडिओच्या विनोदी बोलपटांसारख्या कृती घरोघरी पोहोचल्या. आपल्याकडे प्रथम मंत्र्याने दार लोटले व मागाहून निर्मात्यांनी कडी घातली, एवढाच काय तो भेद.

तथापि केसकरांच्या खात्यावर केवळ तोटाच मांडणे अन्यायाचे होईल. १९५२ च्या जुलैत त्यांनी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला, आणि ज्या गवयांना मैफलीखेरीज कोणी ऐकले नव्हते ते देशभर ऐकू येऊ लागले. कलावंतांची परीक्षा घेण्यासाठी रातंजनकरांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या मंडळावर कलावंत रागावले, हेही खरे. पण अनेकांना नियमित कार्यक्रम व मानधन मिळू लागले, हेही तितकेच खरे. बोलपटांच्या गाण्यांना पर्याय म्हणून सुगम संगीताची निर्मिती आकाशवाणीने स्वतः हाती घेतली. हिंदीत हा प्रयोग फारसा फळला नाही. मराठीत मात्र त्याला अनुकूल भूमी सापडली. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर त्याची छप्पन्न गीते प्रसृत झाली. गंमत अशी की, हे दोघेही बोलपटांच्या सृष्टीतच नावारूपास आलेले होते. ज्या वाटेने येणारा प्रवाह अडविण्यासाठी बांध घातला, त्याच प्रवाहाचे पाणी दुसऱ्या पाटाने शेतात आले!

भावगीताचेही तसेच. ते बोलपटाचे गाणे नव्हे, म्हणून त्यावर निर्बंध नव्हता. ठाण्यास राहणारे, आणि पुढे तेथील नगराध्यक्षही झालेले, कवी पी. सावळाराम यांची वसंत प्रभूंच्या चालीवरील आणि लता मंगेशकरांच्या कंठातील गीते याच दशकात घरोघर पोहोचली. तीच कवी-संगीतकार जोडी बोलपटांसाठीही काम करीत होती. एकाच लेखणीतून उतरलेले गीत तबकडीसाठी असेल तर सुसंस्कृत आणि पडद्यासाठी असेल तर हीन, हा भेद कोणत्या तराजूने तोलावा, याचे उत्तर खात्याला कधीच देता आले नाही.

श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत की सभा भरविल्या नाहीत. त्यांचे शस्त्र पोस्टकार्ड हे होते, आणि ते आकाशवाणीकडे न येता कोलंबोच्या कार्यक्रमांकडे जात होते. हीच आकाशवाणीस सर्वांत मोठी चपराक होती. जाहिरातींचा पैसा त्याच वाटेने बाहेर जात होता. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. तिची आखणी पंडित नरेंद्र शर्मा यांनी केली. हे स्वतः बोलपटांचे गीतकार. जे गाणे पाच वर्षांपूर्वी दशांशावर आणून ठेवले होते, ते आता एका स्वतंत्र सेवेचा कणा झाले. सैनिकांसाठी ‘जयमाला’, श्रुतिकांसाठी ‘हवामहल’ असे कार्यक्रम तिच्यात आले. हे सारे केसकर मंत्री असतानाच घडले. तेवढ्यापुरता त्यांच्या व्यवहारज्ञानास दाद दिली पाहिजे.

तरीही सिलोनचा श्रोता लगोलग परतला नाही, आणि त्याचे कारण नवी गाणी नव्हत, तर जुनी होत. सिलोनवर सकाळी साडेसात वाजता जुन्या बोलपटांच्या गाण्यांचा अर्धा तास असे आणि त्याचा शेवट कुंदनलाल सैगलच्या गाण्याने करण्याची प्रथा होती. सैगल १९४७ च्या जानेवारीतच निवर्तला होता. त्याचे बोलपट चित्रपटगृहांतून उतरले होते, तबकड्या दुर्मीळ होऊ लागल्या होत्या; त्याचा आवाज नव्या पिढीच्या कानी पडला तो बहुतांशी या एका परक्या केंद्राच्या नेमामुळे. सकाळची वेळ ही मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराच्या गडबडीची. सैगल संपला की आठ वाजत आले, हे घड्याळ न पाहताही कळे. जुने गाणे हा देशाचा ठेवा आहे व तो राखणे हे सार्वजनिक नभोवाणीचे काम आहे, हा विचार विविध भारतीत ‘भूले बिसरे गीत’ या कार्यक्रमाच्या रूपाने स्थिरावला.

१ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिरातीही घेण्यात येऊ लागल्या, आणि ज्या पैशाने सिलोन चालत असे त्याची वाट हळूहळू इकडे वळली. १९७२ साली मुंबईत दूरचित्रवाणी आली. तिच्यावर शनिवारी मराठी व रविवारी हिंदी बोलपट लागू लागले. ज्यांच्या घरी संच असे त्यांच्या ओटीवर शेजारपाजार जमे, आणि बोलपट दाखवावा की नाही हा प्रश्न कोणी काढलाही नाही. ‘गीतमाला’ मात्र कोलंबोहूनच चालू राहिली. ती विविध भारतीवर आली १९८९ साली, म्हणजे सुरू झाल्यानंतर सदतीस वर्षांनी, आणि निवेदक तेच होते, अमीन सयानी.