इंडस क्रीड : दुसरी इनिंग

मराठी आडनाव आणि हार्ड रॉक? ऑफिसमधे हे दोन्ही एका वाक्यात आले की अजूनही लोकांच्या भुवया वर जातात. मग मी एकच नाव घेतो, महेश तिनईकर. १९८४ साली मुंबईत सुरू झालेल्या 'रॉक मशीन'चा गिटारिस्ट. हाच बँड १९९३ मधे 'इंडस क्रीड' झाला.

मी शाळेपासून यांचा फॅन. मुलुंडच्या मावसभावाच्या कॅसेट्समुळे लागलेलं व्यसन. गंमत म्हणजे बँड फुटला १९९७ साली, तेव्हा मी जेमतेम रांगत होतो! त्यामुळे धोबीतलावचं रंगभवन मला दादाच्या गप्पांमधूनच माहीत. उघड्यावरचं थिएटर, तुफान गर्दी आणि मग शेवटची लोकल पकडायला धावाधाव.

त्या काळी पब्लिकला काय हवं असायचं? डीप पर्पल नाहीतर लेड झेपेलिन, तेही जसंच्या तसं. रॉक मशीननेही सुरुवात अशाच गाण्यांनी केली. पण नंतर ही मंडळी स्वतःची गाणी वाजवण्यावर अडून बसली. १९८८ मधे 'रॉक अँड रोल रेनिगेड' आला, १९९० मधे 'द सेकंड कमिंग'. पुढे 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कारही मिळाला. पण इंग्रजी रॉकवर पोट भरणं इथे कधीच सोपं नव्हतं. बँड थांबला. गायक उदय बेनेगल पुढे न्यूयॉर्कला गेला.

२०१० साली ते परत आले. तोवर रंगभवनातल्या मैफलीही बंद पडून सात वर्षं झाली होती, शांतता क्षेत्राच्या नियमामुळे. आता जुनी हिट गाणी वाजवून टाळ्या घेणं किती सोपं होतं! पण उदय, महेश आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया यांनी रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे नवे गडी घेतले आणि २०१२ मधे 'इव्हॉल्व्ह' काढला. आठ गाणी, सगळी नवी. मिक्सिंग टिम पामरचं, म्हणजे पर्ल जॅमचा 'टेन' ज्याने मिक्स केला तोच.

दादाला तो अल्बम एकदा ऐकवला. म्हणाला, "चांगलाय रे, पण ही माझी गाणी नाहीत. 'टॉप ऑफ द रॉक' लाव."

मला तिथे एकदम पटलं. सुरुवातीच्या काळात पब्लिक यांच्याकडे दुसऱ्यांची गाणी मागत होतं. आता तेच पब्लिक यांचीच जुनी गाणी मागतंय. मागणी तीच हो, माहीत असलेलं वाजवा! आणि यांनी दोन्ही वेळा नवीनच वाजवलं. दादाचं चुकतं असं नाही, त्याची तरुणाई त्या कॅसेट्समधे आहे. पण माझ्या वाट्याला या बँडचं जे ताजं काही आलं, ते या हट्टामुळेच.

असो. 'फायरफ्लाइज'पासून सुरुवात करा. हेडफोन लावून, आणि घाईत नको.