पुरावा कोणी गोळा करावा? : जर्मन व अमेरिकी वकिलांमधील एक जुना पेच (१९६५–२०२२)

अमेरिकेत १९३८ च्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांनी पुरावा शोधण्याचे काम मुख्यतः वकिलांवर सोपविले. प्रत्यक्ष सुनावणीपूर्वी प्रतिपक्षाच्या दप्तरातील कागद मागविणे, साक्षीदारास शपथेवर प्रश्न विचारणे ही सारी ‘डिस्कव्हरी’ वकीलच चालवितात. तंटा उद्भवला तरच न्यायाधीश मध्ये पडतो. १८७९ पासून अमलात असलेल्या जर्मन दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार मात्र पुरावा घेणे हे न्यायालयाचे काम होय. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ मध्ये दस्तऐवज उघड करण्याची तरतूद असल्यामुळे भारतीय विधिज्ञास अमेरिकी पद्धती अगदीच परकी वाटणार नाही. जर्मन विधिज्ञास मात्र खासगी वकिलाने असा पुरावा गोळा करणे हे राज्याच्या अधिकारावरील आक्रमण वाटते. उभय देशांतील वकिली व्यवहारात पुढे जे वाद झाले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या भेदात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा भेद सांधण्यासाठी हेग येथे दोन करार झाले : १९६५ चा समन्स बजावणीविषयीचा आणि १९७० चा पुराव्याविषयीचा. जर्मनी १९७९ मध्ये दोहोंत सहभागी झाली, परंतु हात राखून. टपालाने थेट समन्स पाठविण्यास तिने हरकत नोंदविली, आणि सुनावणीपूर्व डिस्कव्हरीसाठी कागदपत्रे मागणारी विनंतीपत्रे अमलात आणली जाणार नाहीत असे घोषित केले. जर्मन भूमीवर स्वेच्छेने साक्ष देणाऱ्याची जबानी घ्यावयाची, तरी अमेरिकी वकिलास जर्मन शासनाची पूर्वसंमती घ्यावी लागते आणि जबानी अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या आवारात नोंदवावी लागते.

अमेरिकी न्यायालयांनी या करारांना वळसा घालणारी वाट शोधली. १९८७ च्या ‘एरोस्पासियाल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याविषयीचा हेग करार हा ऐच्छिक मार्ग असल्याचे ठरविले. त्या खटल्यातील कंपनी फ्रेंच होती. तथापि निर्णयाची झळ जर्मन उद्योगांनाही तितकीच पोहोचली. पुढच्याच वर्षी ‘फोक्सवॅगन विरुद्ध श्लुंक’ हा निर्णय आला. १९८३ मधील एका मोटार अपघातात आईवडील गमावलेल्या मुलाने इलिनॉय राज्यात दावा दाखल केला होता. वादीने जर्मन कंपनीवरील समन्स तिच्या पूर्ण मालकीच्या अमेरिकी उपकंपनीवर बजावले. कागद देशाबाहेर पाठवावाच लागत नसेल तर करार लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तर्क बिनतोड असला, तरी कराराचा उद्देश त्यामुळे बराचसा निष्फळ झाला, हे नाकारता येत नाही.

जर्मन न्यायालयांनी प्रतिकार केला, पण सावधपणे. संघीय सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील एका निवाड्यातील प्रत्यक्ष नुकसानभरपाईचा भाग अमलात आणू दिला, आणि ४,००,००० डॉलरची दंडात्मक भरपाई मात्र नाकारली. शिक्षा करणे हे राज्याचे काम, दिवाणी वादीचे नव्हे, अशी त्यामागील भूमिका होती. २००३ मध्ये नॅपस्टर प्रकरणात बेर्टेल्समान कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये १७ अब्ज डॉलरचा सामूहिक दावा दाखल झाला, तेव्हा जर्मन घटनात्मक न्यायालयाने समन्स बजावण्यास तात्पुरती मनाई केली. पुढे कंपनीनेच आपली तक्रार मागे घेतल्याने मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

या सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे प्रकरण अलीकडचे आहे. डिझेल वाहनांच्या उत्सर्जन घोटाळ्यानंतर फोक्सवॅगनने जोन्स डे या अमेरिकी वकील संस्थेकडे अंतर्गत चौकशी सोपविली. हेतू अमेरिकी तपासयंत्रणांशी सहकार्य करण्याचा होता. मार्च २०१७ मध्ये म्युनिकच्या सरकारी अभियोक्त्यांनी ऑडी कंपनीसंबंधीच्या तपासात या संस्थेच्या म्युनिक कार्यालयाची झडती घेऊन कागदपत्रे ताब्यात घेतली. अशिलाने विश्वासाने सांगितलेली माहिती वकिलाच्या दप्तरात सुरक्षित राहते, या गृहीतावर अमेरिकी वकिली उभी आहे. अभियोक्त्यांनी नेमका त्याच दप्तराला हात घातला. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये न्यायालयाने तक्रारी फेटाळल्या. म्युनिकच्या तपासात फोक्सवॅगन स्वतः आरोपीच्या स्थितीत नव्हती, त्यामुळे जप्तीविरुद्धचे संरक्षण तिला मिळेना. आणि वकील संस्था परदेशी असल्याने जर्मन मूलभूत हक्कांवर तिला दावा सांगता येईना. संस्थेच्या म्युनिक कार्यालयात काम करणाऱ्या वकिलांची तक्रारही टिकली नाही. एकाच चौकशीचा अहवाल अटलांटिकच्या एका तीरावर गोपनीय, तर दुसऱ्या तीरावर जप्तीयोग्य, अशी ही स्थिती होय. १९८८ मध्ये अमेरिकी न्यायालयाने जर्मन कंपनीला तिच्या उपकंपनीद्वारे गाठले होते. तीस वर्षांनी जर्मन अभियोक्त्यांनी त्याच कंपनीची माहिती तिच्या अमेरिकी वकिलांकडून मिळविली. या योगायोगाला फार अर्थ देऊ नये, परंतु तो नजरेआडही करता येत नाही.

अंतर्गत चौकशीस कायद्याची चौकट देऊ पाहणारे विधेयक जर्मन शासनाने २०२० मध्ये मांडले; २०२१ मध्ये संसदेची मुदत संपली तरी ते संमत झाले नव्हते. कागदपत्रांविषयीचा १९७९ चा नकार मात्र जुलै २०२२ पासून सैल करण्यात आला. मागितलेला दस्तऐवज नेमकेपणाने वर्णिलेला असावा, खटल्याशी त्याचा थेट व महत्त्वाचा संबंध असावा आणि तो पक्षकाराच्या ताब्यात असावा, अशा अटींवर विनंती मान्य होऊ शकते. विनंतीची छाननी तेथेही जर्मन प्राधिकरणाकडेच राहिली आहे.