अनुरेखकाच्या टेबलापासून संगणकापर्यंत

फाइलीतील टिपणी कितीही लांब असली, तरी बांधकाम अखेर नकाशावरूनच होते. म्हणूनच बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत आरेखक व अनुरेखक ही पदे असत. आरेखक ड्रॉइंग बोर्डवर मूळ नकाशा काढी, अनुरेखक तो शाईने ट्रेसिंग क्लॉथवर उतरवी आणि त्यावरून निळ्या प्रती निघत. या प्रतींमागची रासायनिक प्रक्रिया जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली होती.

या पद्धतीत बदल करणे फार जिकिरीचे होते. एक खांब फूटभर सरकवायचा, तर ट्रेसिंगवरील शाई ब्लेडने खरवडून रेषा पुन्हा काढावी लागे. जुनी प्रत कुणाकडे राहिली, तर तिच्याबरहुकूम काम होण्याचा धोका असेच.

१९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला. टीएक्स-२ संगणकाच्या पडद्यावर लाइट पेनने रेषा ओढायच्या आणि त्या समांतर हव्यात असे सांगायचे, की संगणक त्या तशा जुळवी. मूळ आकृती बदलली, की नकाशातील तिच्या सर्व प्रतीही बदलत. पुढे १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि ही सोय वैयक्तिक संगणकावर, म्हणजेच लहान कचेऱ्यांच्याही आवाक्यात आली. भिंती, नळ आणि विजेच्या तारा एकाच नकाशात वेगवेगळ्या थरांवर ठेवता येऊ लागल्या.

भारतात २००८ च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात गावनकाशांचे संगणकीकरणही समाविष्ट झाले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बिहार-बंगालकडील जुने गावनकाशे प्रायः सोळा इंचांस एक मैल या प्रमाणाचे आहेत. त्यावरील अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा म्हणजे जमिनीवर सुमारे दोन मीटर. पडद्यावर ती केसासारखी बारीक दिसते, पण मूळची संदिग्धता तशीच राहते. बांधावरून भाऊबंदकी होते, ती याच दोन मीटरांत.

जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात काढणारा, उतरवणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा यांच्या सह्या असत. चूक झाली, तर जाब कोणाला विचारायचा हे त्यावरून कळे. संगणक चुकीची रेषाही तितक्याच सुबकपणे काढतो. म्हणून परप्रांती राहून गावच्या जमिनीचा नकाशा पडद्यावर पाहणाऱ्यांनी तो कोणत्या मोजणीवरून, कधी तयार झाला आणि कोणी प्रमाणित केला, हे आधी विचारावे. अनुरेखकाचे टेबल गेले तरी सहीची जबाबदारी जाता कामा नये.