तळटीप : पान ४१ वरील ‘इस्रो’

* इस्रो : भारतीय अंतराळ संशोधन संस्था. स्थापना १५ ऑगस्ट १९६९. पण केरळमधल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट त्याआधीच, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालं होतं, तेही अमेरिकेचं. गोष्टीतल्या बंड्याला इस्रो फार लांबची वाटते. शिरूर-दौंडच्या वाचकांनी तसं मानू नये. दौंडला लागूनच असलेल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रं करणाऱ्या तिथल्या कंपनीत रॉकेटच्या मोटारींची पोलादी कवचंही घडतात. मोटार म्हणजे इथे गाडी नव्हे, घन इंधन भरलेला नळा. इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचा नळा २.८ मीटर व्यासाचा. आत उभं राहून बाबांनी हात वर केला तरी वर टेकायचा नाही. इंधन संपलं की हा नळा सुटून समुद्रात पडतो आणि उरलेलं रॉकेट पुढे जातं. दौंड जंक्शनात गाडीचं इंजिन सोडायचे ना, तसंच. फक्त इथे दुसऱ्या टोकाला परत जोडत नाहीत. हस्तलिखितात इस्रोचं मुख्यालय मुंबईत दाखवलं होतं. ते बंगळूरला आहे, म्हणून बदललं. – संपा.