टंचाई नेमकी कशाची?

राज्य वसवण्याच्या संगणकीय खेळात जितके जिन्नस जास्त तितका तो इतिहासाच्या जवळ जातो, असं अनेक खेळाडू मानतात. या खेळांची गेल्या साठ वर्षांची वाटचाल मात्र तसं सांगत नाही. खेळाला जीव येतो तो टंचाईने, आणि रचनाकारांनी दर टप्प्यावर ही टंचाई नव्या जागी नेऊन ठेवली. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शिक्षिका मेबल ॲडिस आणि आयबीएमचे प्रोग्रॅमर विल्यम मकाय यांनी शाळकरी मुलांसाठी ‘द सुमेरियन गेम’ रचला. लगाश नगरीचा राजा व्हायचं आणि धान्याची वाटणी करायची, एवढंच त्यात काम. त्याचा आटोपशीर अवतार ‘हमुराबी’ पुढे डेव्हिड आल यांच्या १९७३ च्या पुस्तकातून सर्वदूर पोहोचला. त्यात सुरुवातीला १०० माणसं, १,००० एकर जमीन आणि २,८०० बुशेल धान्य हाती असतं. माणशी २० बुशेल खायला लागतात, एकरी अर्धा बुशेल बियाण्याला. सगळ्यांना जेवू घालून सगळी जमीन पेरली की उरतात ३००. एकरी पीक १ ते ५ बुशेल, तेही नशिबावर. हात सढळ ठेवून सगळं पेरलं आणि एकरी एकच बुशेल आलं, तर उंदरांनी काही खाल्लं नाही असं धरूनही कोठारात १,३०० बुशेल राहतात. म्हणजे पुढच्या वर्षी जेमतेम ६५ माणसांची सोय. जिन्नस एकच, पण खावं की पेरावं या पेचातून सुटका नाही.

१९९१ मध्ये सिड मायर आणि ब्रूस शेली यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ने हा पेच कोठारातून माणसांच्या हातांवर आणला. अन्न, उत्पादन आणि व्यापार या तीनच गोष्टींवर त्यात हजारो वर्षांचा पसारा चालतो. प्रत्येक नागरिक दोन एकक अन्न खातो. त्याला समुद्रावर पाठवलं तर तो अन्नाचं एकच एकक आणतो, पण व्यापाराची दोन. त्याचं उरलेलं पोट शेतावरच्या कुणाला तरी भरावं लागतं, आणि त्या व्यापारातूनच कर नि संशोधन चालतं. २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत लोखंड आलं ते ठिकाणाची टंचाई घेऊन: एक खाण रस्त्याने जोडली की हवे तितके तलवारबाज. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत दर तुकडीमागे लोखंडाचा हिशेब मागितला जाऊ लागला. जिन्नस तोच राहिला, टंचाईची जागा बदलली आणि डावपेचही पालटले.

यावर आक्षेप घेता येतो तो जर्मनीत घडलेल्या ‘द सेटलर्स’चा (१९९३). तिथे गव्हापासून पीठ, पिठापासून पाव, तो खाणकामगाराच्या पोटात, त्याने काढलेल्या लोखंडाची तलवार, अशी लांबलचक साखळी आहे आणि तीच खेळाडूंना भावली. खरं आहे. पण त्या साखळीत पेच असतो तो वाटेवर. हमाल एका वेळी एकच नग उचलतो. रस्ता चुकीच्या जागी आखला की रस्त्यावरच्या टप्प्याच्या झेंड्यापाशी माल साचतो आणि पीठ असूनही खाण बंद पडते. जिन्नस अनेक असले तरी ते सगळे वाहतुकीच्या एकाच टंचाईवर येऊन ठेपतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग हे खेळ इतिहास शिकवतात की नुसती बेरीज-वजाबाकी? अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवलं की १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये धान्याचा एकूण साठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. मजुरांची ते विकत घेण्याची ऐपत मात्र संपली होती. ‘हमुराबी’त असा दुष्काळ पडूच शकत नाही, कारण तिथे धान्य आहे म्हणजे ते पोटात जाण्याचा मार्ग मोकळाच आहे. हा दोष जिन्नस वाढवून जाणार नाही. शंभर प्रकारची धान्यं घातली तरी राजा दाता आणि प्रजा खाणारी तोंडं, ही मांडणी तशीच राहील. त्यासाठी मजुरी आणि बाजारभाव यांनाच टंचाईच्या जागी बसवावं लागेल. म्हणून अशा खेळाची पारख करताना यादी मोजण्यापेक्षा त्यात काय अपुरं पडतं आणि ते कुणाला अपुरं पडतं, हे पाहावं. रचनाकाराची इतिहासाची समज तिथेच कळते.