सहा मिनिटं, एक कॉरिडॉर

तीन महिन्यांपूर्वी कॅन्सरमुळे बाबांच्या उजव्या फुप्फुसाचा एक लोब काढला. घरी आल्यावर ते तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र ओढत बसायचे आणि मी रोजचे आकडे एक्सेलमध्ये भरायचो. इंजिनिअर ना! तिसरा चेंडू काही वर जाईना. दोघंही खट्टू.

मग फिजिओथेरपीवाल्या ताई म्हणाल्या, "काका, ते ठेवा बाजूला. चालून दाखवा." ३० मीटरचा कॉरिडॉर, सहा मिनिटं येरझाऱ्या. हे कुठून आलं, म्हणून मी शोधायला बसलो.

श्वास मोजण्यात मोठं नाव लंडनच्या जॉन हचिन्सनचं. पाण्यात उलटं ठेवलेलं भांडं. नळीत फुंकलं की ते वर उचललं जातं. हा त्याचा स्पायरोमीटर. दोन हजारांहून जास्त लोकांना फुंकायला लावून त्याने १८४६ मध्ये निबंध छापला. उंच माणसाची क्षमता जास्त, हे त्यातच दिसलं. विमा कंपन्यांनी हे यंत्र वापरावं, असंही त्याला वाटायचं. धंद्याचं डोकं!

पण फुंकलेला आकडा घटला, तर माणूस जगतो कसा? १९३३ मध्ये सेंट लुईसला एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सरसाठी एका पेशंटचं अख्खं डावं फुप्फुस काढलं. तो पेशंट, स्वतः डॉक्टरच, पुढे जवळपास तीस वर्षं जगला. ग्रॅहम मात्र १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेले. हे वाचून मी फोन जरा बाजूलाच ठेवला.

चालण्याची टेस्ट मात्र धावण्यातून आली. अमेरिकन हवाई दलातल्या केनेथ कूपरने १९६८ मध्ये १२ मिनिटं धावून अंतर मोजायची पद्धत मांडली. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये मॅकगॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी जुनाट ब्राँकायटिसच्या पेशंटना धावण्याऐवजी चालवलं. तेवढंही जड जायचं. १९८२ मध्ये बटलंडच्या गटाने दाखवलं, की सहा मिनिटांतही जवळपास तेच कळतं. हचिन्सननंतर १३६ वर्षांनी!

फुंकताना फक्त फुप्फुस कळतं. चालताना हृदय आणि पायही बोलतात. बाबांचे पाय पडून पडून ढिले झाले होते, आणि मी नुसते चेंडू बघत होतो.

पहिल्या वेळी २९० मीटर. मध्ये ते भिंतीला टेकले. घड्याळ मात्र थांबवत नाहीत, तो नियमच आहे. मग रोज जिना, रोज चालणं. महिन्याने ३५५. तिसरा चेंडू अजून खालीच आहे. पुढची टेस्ट मंगळवारी. बाबांनी नवे बूट मागितलेत.