देवडी

वाड्याच्या थोरल्या दरवाजातून आत शिरताच दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसाठी केलेली, जोत्यावरची छपराखालची जागा. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या आत ती पाहता येते. सोलापूर-मराठवाड्याकडच्या वाड्यांत प्रवेशालगतची बैठक म्हणजे ढाळज. तिथे पहाऱ्यापेक्षा गप्पाच अधिक रंगत. लेखकाने पुढे ‘ओसरी’ आणि ‘सोपा’ हे शब्द अदलाबदलीने वापरले आहेत. ते चालण्याजोगे आहे, कारण दोन्ही जागा चौकाकडे उघड्या असतात. ‘पडवी’ला मात्र ओसरी म्हणणे बरोबर नाही : कोकणातली पडवी मूळ घराबाहेर, उतरत्या छपराखाली काढलेली असते. ‘सदर’ ही कारभाराची जागा; परका माणूस तिथवर येई, माजघरात नाही. — संपा.